गोंगाटामागचं गणित : 'मास्टर ऑफ पपेट्स'

आपल्या हॉस्टेलमध्ये संगीताचे मुख्य पंथ तीन. पहिला अरिजितचा, याचे अनुयायी सबमिशनच्या आठवड्यात एकदम वाढतात. दुसरा डीजेचा, हा गणपतीत आणि गॅदरिंगला जागा होतो. तिसरा 'जुनं ते सोनं'वाल्यांचा. यात रेक्टर सरांसकट बराचसा स्टाफ येतो. या तिघांचं आपसात कधी जमत नाही, पण एका मुद्द्यावर एकमत आहे : आमच्या विंगमधून जे मेटल ऐकू येतं ते संगीत नसून गोंगाट आहे!

या आरोपाचे तीन भाग पडतात. (ओरलची सवय, त्यामुळे भाग पाडूनच उत्तर देतो.) एक, "हे गातात की भांडतात?" दोन, "सगळी गाणी सारखीच." तीन, "यात अवघड काय आहे? जोरात वाजवलं की झालं." तिन्हींना उत्तर म्हणून मी एकच अल्बम पुढे ठेवतो : मेटालिका या अमेरिकन बँडचा 'मास्टर ऑफ पपेट्स'. माझं म्हणणं एवढंच की या अल्बममधला जोर अँप्लिफायरनं दिलेला नाही, तो रचनेतून आलाय. मोबाईलचा आवाज दोन काड्यांवर ठेवून ऐका, तरी तो जोर शिल्लक राहतो. कसा, ते पाहू.

आधी थोडी ओळख

थ्रॅश मेटल हा प्रकार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास वाढला. आयर्न मेडन, डायमंड हेड अशा ब्रिटिश बँडची गिटारमधली कारागिरी आणि पंक रॉकचा भन्नाट वेग, या दोघांचं लग्न लागलं आणि हे कार्टं जन्माला आलं. मेटालिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स ही त्यातली चार मोठी घराणी.

'मास्टर ऑफ पपेट्स' हा मेटालिकाचा तिसरा अल्बम. १९८५ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला फ्लेमिंग रासमुसेन यांच्यासोबत तो ध्वनिमुद्रित झाला. स्टुडिओचं नाव काय, तर 'स्वीट सायलेन्स'! ३ मार्च १९८६ ला तो बाजारात आला. आठ गाणी, साधारण पंचावन्न मिनिटं. वाजवणारे चौघे : जेम्स हेटफिल्ड (गायन आणि ऱ्हिदम गिटार), लार्स उलरिक (ड्रम्स), कर्क हॅमेट (लीड गिटार) आणि क्लिफ बर्टन (बास गिटार). अल्बम आला तेव्हा चौघांपैकी एकाचंही वय चोवीसच्या वर नव्हतं. म्हणजे आपल्याकडच्या एम.टेक.च्या पोरांएवढेच.

या अल्बमसाठी त्यांनी एकही व्हिडिओ काढला नाही. रेडिओवाल्यांनीही त्याला फारसं जवळ केलं नाही. तरी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो २९ व्या क्रमांकापर्यंत चढला आणि त्याच वर्षी पाच लाख प्रतींची गोल्ड पायरी गाठली. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं कायम जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांमध्ये त्याची निवड जाहीर केली. मेटल संगीताला हा मान तेव्हा पहिल्यांदाच मिळाला. म्हणजे सरकारी ग्रंथालयानं कपाटात ठेवलेला गोंगाट आहे हा!

आवाज 'फाटलेला' का?

मेटल न ऐकणाऱ्याला पहिली अडचण येते ती गिटारच्या फाटलेल्या आवाजाची. स्पीकर खराब झालाय असंच वाटतं. पण ही गोष्ट आपण सगळ्यांनी लॅबमध्ये हातानं केलेली आहे. क्लिपर सर्किटचं प्रॅक्टिकल आठवा. साइन वेव्ह दिली, की सीआरओवर तिची डोकी सपाट कापलेली दिसतात. गिटारच्या बाबतीत नेमकं हेच होतं. सिग्नल इतका वाढवायचा की अँप्लिफायरला त्याची शिखरं पेलवत नाहीत आणि ती छाटली जातात. छाटणी झाली की मूळ कंप्रतेच्या पटीतल्या नव्या कंप्रता तयार होतात आणि आवाज भरदार, करवतीसारखा दातेरी होतो.

खरी गंमत पुढे आहे. अशा सर्किटमध्ये दोन स्वर एकदम सोडले, तर त्यांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्याही कंप्रता जन्माला येतात. म्हणून कुठले दोन स्वर एकत्र वाजवायचे याला फार महत्त्व येतं. गिटारची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झची. तिला षड्ज मानलं तर तिचा पंचम येतो १२३.५ हर्ट्झवर. वजाबाकी करा : ४१.१. हा तोच षड्ज, पण एक सप्तक खालचा! बास गिटारची सर्वांत जाड तारही तिथेच लावलेली असते. वाजवले दोन स्वर, आणि तिसरा पायाखालून आपोआप उभा राहिला. या जोडीला पॉवर कॉर्ड म्हणतात आणि थ्रॅशची इमारत बरीचशी याच विटांची आहे. पंचमाऐवजी शुद्ध गंधार (१०३.८ हर्ट्झ) घेतला तर वजाबाकी येते २१.४, आणि ती षड्जाच्या कुठल्याच सप्तकात नेमकी बसत नाही. त्याच जातीचे आणखी बेसूर तुकडे गोळा होतात आणि आवाजाचा चिखल होतो.

आपल्या गवयांचा तंबोरा बहुतेक वेळा षड्ज आणि पंचमालाच लावलेला असतो. हजारो किलोमीटर दूर, वीज आणि व्हॉल्व्ह घेऊन बसलेली पोरं कानानं शोधत शोधत त्याच जोडीपाशी पोचली, हे मला फार भारी वाटतं.

उजव्या हाताची परीक्षा

आता "यात अवघड काय?" या प्रश्नाकडे येऊ. शीर्षकगीताचा, म्हणजे 'मास्टर ऑफ पपेट्स' याच नावाच्या गाण्याचा वेग मिनिटाला साधारण २१२ ठोके आहे. मुख्य तुकड्यात (गिटारच्या अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला रिफ म्हणतात) प्रत्येक ठोक्याला तारेवर दोन आघात. म्हणजे मिनिटाला ४२४, सेकंदाला सात.

सेकंदाला सात आघात करायचे तर सोपा मार्ग म्हणजे एकदा वरून खाली, एकदा खालून वर असा हात फिरवायचा. अर्धे कष्ट वाचतात. हेटफिल्ड तसं करत नाही. तो सगळे आघात वरून खालीच करतो. कारण खालून वर जाणारा आघात जरा हलका पडतो आणि ऐकताना एक जड-एक हलका असं झुलायला लागतं. घण कसा, वरूनच बसतो तेव्हा त्याचा घाव एकसारखा असतो. तसं हे. वर हाताची कड तारांच्या बुडाशी टेकवून ठेवायची, म्हणजे प्रत्येक स्वर घुमायच्या आत दाबला जातो आणि 'ठक्-ठक्-ठक्' असा कोरडा निघतो. आमच्या विंगमधल्या गिटारवाल्यानं प्रयत्न केला; मिनिटभरात त्याचं मनगट भरून आलं आणि तो 'चाय में डुबोया बिस्कुट' वाजवायला लागला.

हे झालं एकदा वाजवण्याचं. अल्बममध्ये ऱ्हिदम गिटारचा तोच भाग हेटफिल्डनं पुन्हा पुन्हा वाजवून एकावर एक थर चढवलेत. दोन थरांत बारीकसाही फरक पडला तर तो लगेच कानाला टोचतो. ऐकून पाहा, भिंतीचा सांधा कुठे दिसतोय का.

त्या रिफची चालही पाहण्यासारखी आहे. खालची मोकळी तार एकतारीसारखी एकाच स्वरावर घुमत राहते आणि तिच्यावरून बाकीचे स्वर अर्ध्या-अर्ध्या पायरीनं खाली घसरत येतात. आधार हलत नाही, आणि आधाराच्या वरचं सगळं निसटतंय. गाण्याचा विषय कळल्यावर हे घसरणं मला जास्त कळलं. त्याबद्दल पुढे.

चौथं माप कापलेलं

मी हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याचा. टोकाई गड आणि साखर कारखाना एवढीच आमच्या गावाची बाहेरच्यांना असलेली ओळख. शिकलो मात्र कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे घरी मृदंग आणि शाळेत पियानो, असे माझ्या कानाचे दोन मालक झाले. गावातल्या सप्त्यात माझे चुलते, म्हणजे तात्या, मृदंग वाजवतात. स्वरलिपी त्यांना माहीत नाही, पण मात्रा चुकलेली त्यांना झोपेतही कळते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तात्यांच्या कानात मी इअरफोन घालून दिला आणि हेच गाणं लावलं. सुरुवातीला त्यांनी तोंड वाकडं केलं. मग गायन सुरू झालं आणि त्यांचा हात मांडीवर पडायला लागला. थोड्या वेळानं इअरफोन काढून म्हणाले, "बाबू, हे तीनदा नीट यायलंय आन् चवथ्याला कापायलंय. मुद्दाम करायलेत का चुकायलेत?"

मुद्दाम करायलेत, तात्या! कडव्याच्या रिफमध्ये चार मापं आहेत. पहिल्या तीन मापांत चार-चार ठोके. चौथं माप मात्र अडीच ठोक्यांतच संपतं. स्वरलिपीत ते बहुधा ५/८ असं लिहितात. अर्ध्या ठोक्याला एक धरलं तर हिशोब असा : ८ + ८ + ८ + ५ = २९. एकोणतीस हा मूळ अंक, कशानंच भाग जात नाही! मान हलवत ऐकणारा माणूस दर चौथ्या मापाला अडखळतो. आपण लयीत आहोत असं वाटत असतानाच कोणीतरी पायाखालची सतरंजी ओढतं. मोजणारे सांगतात की प्रत्यक्ष वाजवताना ते माप पुस्तकी हिशोबापेक्षा किंचित इकडेतिकडे भरतं. भरणारच. ते घड्याळ बघून नाही, एकमेकांकडे बघून वाजवलंय.

मला हे कापलेलं माप शोधायला इंटरनेटवरची स्वरलिपी लागली होती. तात्यांना दीड मिनिट लागलं.

गाणारा कोण?

आता "गातात की भांडतात?" इथे भाषेची अडचण आहे हे मान्य. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं म्हणून मला आधी शब्द कळले आणि संगीत नंतर कळलं. हॉस्टेलमध्ये बहुतेकांच्या बाबतीत उलटं होतं. ओरडणं पोचतं, शब्द पोचत नाहीत.

शीर्षकगीत व्यसनावर आहे. पण व्यसन करणाऱ्याला उपदेश वगैरे काही नाही. गाणारा आहे तो स्वतः अमली पदार्थ! तो माणसाला सांगतोय की मी तुला हवं ते देईन, तू फक्त माझं ऐक. तू माझी कळसूत्री बाहुली, दोऱ्या माझ्या हातात. त्यामुळे आवाजात जी दमदाटी आहे ती गायकाची नाही, मालकाची आहे. हुकूम सोडणारा माणूस गुणगुणत हुकूम सोडत नाही.

आपल्याकडे ही युक्ती नवी नाही. एकनाथांची भारुडं घ्या. तिथे रूप वेगळं आणि बोलणारा वेगळा असतो. विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं आहे. ऐकणारा आधी हसतो, मग त्याला डंख लागतो. हेही गाणं तसंच ऐकावं.

साडेआठ मिनिटांच्या या गाण्याचा आराखडा असा : सुरुवातीला कडवी आणि ध्रुपद, पूर्ण वेगात. साधारण साडेतीन मिनिटांनी अचानक सगळं थांबतं. फाटलेला आवाज जातो आणि स्वच्छ, एकेक तार छेडलेली गिटार येते. चौपटीतून एकदम ठायीत यावं तसं. त्यावर दोन गिटारी एकमेकींचा हात धरून एक संथ, दुखरी सुरावट वाजवतात. मग एक छोटा एकल तुकडा येतो, तो लीडवाल्या हॅमेटनं नाही तर हेटफिल्डनंच वाजवलेला आहे. हा भाग त्या नशेच्या सुखाचा आहे असं मी समजतो. मग हळूहळू खालून वजन चढायला लागतं आणि इथे पहिल्यांदा वाचा फुटते ती व्यसनी माणसाला. मालकाला तो विचारतो की कबूल केलेलं सगळं कुठे गेलं? उत्तर म्हणून हॅमेटचं वेगवान एकल वादन, आणि पुन्हा तोच सुरुवातीचा रिफ, तीच कडव्याची चाल. माणूस बाहेर पडलेलाच नाही. गाणं संपतं ते मालकाच्या हसण्यावर.

कडवं-ध्रुपद-कडवं असा साधा साचा वापरला असता तर हे सांगताच आलं नसतं. मधला शांत भाग नसता तर परत येणारा रिफ फक्त 'परत आलेला रिफ' राहिला असता. सुटका दाखवून ती काढून घेतली, म्हणून तो तुरुंग वाटतो. मी सुरुवातीला रचनेतला जोर म्हणालो तो हा.

तात्यांना मी अर्थ सांगितला. तात्यांच्या गळ्यात आज माळ आहे, पण माझ्या लहानपणी नव्हती. तेव्हा कारखान्याचा हंगाम सुरू झाला, हातात पैसा आला, की ते आठ-आठ दिवस घरी येत नसत. चुलती ओट्यावर बसून राहायची. माळ घातली आणि दारू सुटली. त्याला आता अकरा वर्षं झाली. सगळं ऐकून घेऊन तात्या एवढंच म्हणाले, "म्हंजी बाटलीच बोलायली म्हण की. बरोबर हाय. ती लई गोड बोलती आधी."

मी या अल्बमबद्दल बरंच काही वाचलंय. एवढी नेमकी समीक्षा कुठे वाचली नाही. आणि हे कळायला तात्यांना इंग्रजीची गरज पडली नाही.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. हे गाणं गाणारा हेटफिल्ड स्वतः पुढे दारूच्या कचाट्यात सापडला. २००१ मध्ये तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला आणि २०१९ मध्ये बँडचा दौरा थांबवून त्याला पुन्हा जावं लागलं. दोरीबद्दल इतकं चांगलं लिहिता आलं म्हणून दोरी सुटते असं नाही. आपल्या हॉस्टेलमध्येही 'टेन्शन आलंय, फक्त आजच' म्हणणारे आवाज रात्री दीडनंतर ऐकू येतात. मी कोणाला उपदेश करणार नाही, माझं वय नाही. फक्त तो आवाज कोणाचा असतो, एवढं ओळखा.

बाकीची सात गाणी

"सगळी गाणी सारखीच" हा आरोप अल्बम सलग ऐकला की आपोआप पडतो. अल्बमच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या क्रुसांचं एक कबरस्तान आहे आणि प्रत्येक क्रुसाला बांधलेली दोरी वर दोन हातांत गेलेली आहे. दोऱ्या कोणाच्या हातात, हा बहुतेक गाण्यांचा विषय. पण प्रत्येक गाण्याची चाल वेगळी.

'बॅटरी' सुरू होतं ते साध्या अकूस्टिक गिटारींनी. तीच सुरावट मग फाटलेल्या आवाजात येते आणि मग गाडी सुटते. 'द थिंग दॅट शुड नॉट बी' हे लवक्राफ्टच्या समुद्री राक्षसाच्या कथांवरचं. त्यासाठी गिटारी एक पूर्ण स्वर खाली उतरवल्या आहेत आणि लय मुद्दाम जड, पाण्यातून चालल्यासारखी ठेवली आहे. 'वेलकम होम (सॅनिटेरियम)' वेड्यांच्या इस्पितळात डांबलेल्या माणसाचं, केन केसीच्या कादंबरीवरून सुचलेलं. ते संथ सुरू होऊन शेवटी बंडासारखं पेटतं. आपल्या भजनात लय चढत जाते आणि शेवटी टाळ-मृदंग एकच होतात, त्याची इथे आठवण येते. 'डिस्पोझेबल हिरोज' मध्ये आपल्याच वयाचा सैनिक आहे, आणि त्याला मरायला पाठवणारा अधिकारीही त्याच गाण्यात बोलतो. 'लेपर मसाया' टीव्हीवर देव विकून पैसे गोळा करणाऱ्या प्रचारकांवर. 'डॅमेज, इंक.' सर्वांत शेवटी, सर्वांत संतापलेलं. पण त्याची सुरुवात बास गिटारच्या उलट्या फिरवलेल्या, समुद्रासारख्या येणाऱ्या स्वरांनी होते आणि त्यामागे बाखच्या एका भक्तिगीताचा आधार आहे.

बाख इथे कसा आला? त्याचं उत्तर म्हणजे क्लिफ बर्टन.

क्लिफ बर्टन आणि 'ओरायन'

बर्टन लहानपणी पियानो शिकलेला, बाखचा भक्त. दोन सुरावटी एकाच वेळी चालवायच्या, त्या एकमेकींच्या आड येऊ द्यायच्या नाहीत आणि दोघींचं मिळून तिसरंच काही उभं करायचं, हे हार्मनीचं शास्त्र त्यानं बँडमध्ये आणलं. शाळेच्या कॉयरमध्ये आम्ही चार आवाजांत गायचो. तेव्हा मागच्या रांगेतल्या आम्हा मुलांना वाटायचं की आपली चाल अगदीच कंटाळवाणी आहे. चारही आवाज मिळाले की मग कळायचं आपण कशाचा पाया होतो. बास गिटारचं काम तेच. ती ऐकू येत नाही असं लोक म्हणतात, पण ती काढून घेतली तर घर बसतं.

'ओरायन' हे सातवं गाणं. यात एकही शब्द नाही, फक्त वाद्यं, साडेआठ मिनिटांच्या जवळपास. सुरुवातीला दुरून एखादा वाद्यवृंद येतोय असा भास होतो. ते प्रत्यक्षात बर्टनच्या बासचे थर आहेत. मग सैन्याच्या संचलनासारखा भाग येतो. मध्यावर सगळं थांबतं आणि बास एकटी राहते. लय बदलून सहाच्या चक्रात जाते, दादऱ्यासारखी डुलायला लागते. त्या चक्रावर गिटारी एकेक करून येतात, जोडीनं गातात. ज्यांना मेटल आवडत नाही त्यांनी सुरुवात इथून करावी अशी माझी शिफारस आहे. रेक्टर सर, ही तुमच्यासाठीही.

२७ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे स्वीडनमध्ये दौऱ्यावर असताना बँडची बस रस्त्यावरून घसरून उलटली. त्यात बर्टन गेला. वय वर्षं चोवीस. अल्बम येऊन सातच महिने होत होते. त्याच्या अंत्यविधीला 'ओरायन' लावलं होतं. मेटालिकानं नंतर यापेक्षा कितीतरी जास्त विकले गेलेले अल्बम केले, पण या चौघांचं एकत्र काम इथे संपलं. माझं वय आज वीस. आपल्यापेक्षा चारच वर्षांनी मोठ्या मुलानं मागे ठेवलेली ही गोष्ट आहे, हे आठवलं की मी 'ओरायन' मध्येच बंद करत नाही.

आपल्याकडे

हे सगळं परदेशातलं आणि आपला काय संबंध, असं कोणी म्हणेल. ज्या १९८६ साली हा अल्बम आला, त्याच साली मुंबईत फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला. धोबीतलावचं रंगभवन हे त्याचं जुनं घर. मुंबईत १९९८ पासून 'स्केप्टर' हा थ्रॅश बँड उभा राहिला. त्याच शहरात पुढे 'झिग्नेमा' आला. मेटालिका स्वतः भारतात आली ती २०११ मध्ये. २८ ऑक्टोबरचा दिल्लीजवळच्या गुरगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि ३० ऑक्टोबरला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर ते वाजले.

कुरुंद्यात हे काही पोचलं नव्हतं. आमच्याकडे हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर जो आवाज लागतो तो मेटालिकालाही लाजवेल असा असतो. खिडकीची तावदानं थरथरतात. पण त्या आवाजातून बाहेर आल्यावर हातात काही उरत नाही. मोठा आवाज आणि भारी गाणं यांच्यातला फरक मला त्या ट्रॅक्टरनीच शिकवला.

कसं ऐकावं?

शेवटी थोडं प्रॅक्टिकल. शीर्षकगीत तीन वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त गिटारचा उजवा हात, त्या 'ठक्-ठक्'कडे लक्ष ठेवून. दुसऱ्यांदा मांडीवर ताल धरून कडव्यातलं चौथं माप पकडा; पहिल्या फटक्यात सापडलं तर आमच्या खोलीत या, चहा माझ्याकडून. तिसऱ्यांदा इंटरनेटवर शब्द समोर ठेवा आणि कोण बोलतंय ते प्रत्येक ओळीला विचारा. मग दुसऱ्या दिवशी 'ओरायन'. हे चार तास नाहीत, पाऊण तासाचं काम आहे. मेसच्या रांगेत यापेक्षा जास्त वेळ जातो.

एवढं करूनही नाही आवडलं तर खुशाल नाही म्हणा. आवड ही काही कंपल्सरी सब्जेक्ट नाही. 'मला आवडत नाही' या वाक्याशी माझं कधीच भांडण नव्हतं. फक्त 'यात काही नाही' असं म्हणायच्या आधी ते २९ एकदा मोजून बघा. आणि हो, रात्री दहानंतर इअरफोन लावूनच ऐका. शेजारच्या खोलीतल्याचा एम-थ्रीचा पेपर असू शकतो.